सुट्टीनंतरचा सोमवार

"सांगून टाकलं मी त्यांना," बेव्ह म्हणाली. ओला कोट खुंटीला अडकवून तिनं उरलेल्या केकचा डबा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"कुणाला?" जॅनिसनं विचारलं. विचारलं खरं, पण कुणाला ते तिला कळून चुकलं होतं.

"शाळेला गं, दुसरं कुणाला! बसस्टॉपवरूनच लावला फोन. म्हटलं, नको मला तुमचं स्वैपाकघर. बाई बिचारी चांगली होती. म्हणाली, नीट विचार केलात ना? म्हटलं, चार दिवस दुसरं केलंय काय मी! राणी राहिली बाजूला, माझ्या डोक्यात आपले शाळेतले बटाटे." बेव्ह हसली आणि आपल्या स्टुलावर बसली. "सुटले बाई एकदाची. हलकं वाटतंय आता."

जॅनिसच्या हातात चित्राचा ओला पापुद्रा होता. तो तिच्या बोटांतच दुमडला. तिनं तो फेकून दिला आणि दुसरा घेतला.

इंग्लंडच्या राणीला गादीवर बसून सत्तर वर्षं झाली म्हणून गुरुवार-शुक्रवारची सुट्टी शनिवार-रविवारला जोडून मिळाली होती. चार दिवस लाँग्टन गावातली एकही भट्टी पेटली नव्हती. आज चिनी मातीच्या कपांचा कारखाना पुन्हा उघडला होता. बाहेर रस्त्यावर पताका भिजून लोंबत होत्या आणि पबच्या दारातली कागदी राणी कमरेतून वाकली होती. आत मात्र नेहमीसारखंच चाललं होतं. कुणाचं डोकं दुखत होतं, कुणाच्या नवऱ्यानं शेजाऱ्याशी भांडण काढलं होतं. टेबलावरच्याच शबनमच्या गल्लीत म्हणे तिच्या सासूनं केलेले समोसे आधी संपले आणि सँडविचेस तशीच राहिली.

या टेबलावर बायका कपांवर चित्रं चढवायच्या. चित्राचा पापुद्रा पाण्यात भिजला की कागदावरून सरकवून कपावर बसवायचा आणि रबराच्या पट्टीनं त्याखालचं पाणी नि हवा काढून टाकायची. हवेचा एवढासा बुडबुडा राहिला तरी भट्टीत तिथं चित्राला भोक पडायचं. जॅनिस शेरॅट हे काम शाळा सुटल्यापासून करत होती. ती लागली तेव्हा याच राणीच्या पंचविसाव्या वर्षाचे कप चालले होते. त्यानंतर राजघराण्यातली लग्नं, बाळंतपणं, जुबिल्या सगळं तिच्या हाताखालून गेलं. त्यातली काही लग्नं मोडलीसुद्धा. कप मात्र लोकांच्या कपाटांत अजून होते.

बेव्ह कोकली तिच्यानंतर दोनेक वर्षांनी आली. सगळ्यांत बडबडी पोर म्हणून तिला जॅनिसच्या शेजारी बसवलं, म्हणजे जॅनिसला पाहून ती गप्प बसायला शिकेल. बेव्ह काही गप्प बसायला शिकली नाही. चित्रं चढवायला शिकली. त्या दिवसापासून दोघींची स्टुलं शेजारीशेजारी होती. जॅनिसचा नवरा रे शेरॅट आधी याच कारखान्यात भट्टीवर होता. धुळीनं त्याची फुप्फुसं गेली आणि एका हिवाळ्यात तो बरेच दिवस इस्पितळात पडून होता. तेव्हा बेव्ह जेवणाची सुट्टी न घेता दोघींचं काम एकटी उरकायची आणि जॅनिसच्या वाटचे कप जॅनिसच्या फळीवर लावून ठेवायची. ते जॅनिसला शबनमकडून कळलं. बेव्ह त्याबद्दल कधी बोलली नाही.

आता हे सगळं आठवून उपयोग नव्हता. जॅनिसनं कप हातात घेतला, फिरवला, पुन्हा खाली ठेवला.

सुट्टी लागायच्या आधी, बुधवारी संध्याकाळी, कीथनं तिला भट्टीमागे बोलावलं होतं. कीथ ब्लूर फोरमन होता, पण जॅनिसच्याच गल्लीत वाढलेला. लहानपणी तिनं त्याचं नाक पुसलं होतं.

"जॅन, एक सांगतो, पण ते तुझ्यापाशीच राहिलं पाहिजे," तो म्हणाला. "सोमवारी चित्रांचं खातं बंद होतंय."

"बंद म्हणजे?"

"म्हणजे बंद. जुबिलीची ऑर्डर संपली. पुढं काही नाही. गॅसचं बिल बघून थोरल्या साहेबांनी अंथरूण धरलंय. दोन भट्ट्या कायमच्या विझवणार. सगळ्या बायका घरी."

जॅनिसला एकदम घरातलं रेचं ऑक्सिजनचं मशीन दिसलं. दिवसरात्र विजेवर चालणारं.

"एक जागा राहील," कीथ म्हणाला. "नमुने करायला. आठवड्यातून तीन दिवस. तुझं नाव मी घातलंय. साहेबांना पटलंय."

"बेव्हला सांगू?"

"वेडी आहेस का? बेव्हला सांगणं म्हणजे चर्चच्या घंटेला सांगणं. आधी बोभाटा झाला तर धाकटे साहेब ती एक जागापण ठेवणार नाहीत. तसं म्हणालेत ते. आणि बायकांची सुट्टी तरी सुखात जाऊ दे. शब्द दे मला."

तिनं शब्द दिला.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार तिनं घर पुसून काढलं. रेनं टीव्हीवरून नजर काढून दोनदा विचारलं, "अगं, राणी आपल्याकडे येणार आहे का चहाला?" ती हसलीसुद्धा. रविवारी गल्लीत जेवण होतं. सकाळपासून पाऊस. पोरांनी दिव्याच्या दोन खांबांना ताडपत्री बांधली होती आणि तिच्यात साचलेलं पाणी अधूनमधून काठीनं ढोसून पाडत होते. खाली टेबलांवर ओटच्या पोळ्या, चीज, भिजलेली सँडविचेस, काचेच्या भांड्यांत केक-कस्टर्डचं ट्रायफल. बेव्ह दोन गल्ल्या सोडून राहायची, पण जेवायला नेहमी इकडेच. तिनं डोक्यावर निळा प्लास्टिकचा मुकुट घातला होता आणि सगळ्यांना हात पुढं करून मुका घ्यायला लावत होती.

राष्ट्रगीत होऊन सगळे पांगले तेव्हा ती जॅनिसच्या दाराच्या पायरीवर येऊन बसली. मुकुट काढून मांडीवर ठेवला.

"जॅन, मला शाळेत बोलावलंय," ती म्हणाली. "सेंट कुठल्याशा त्या शाळेत, टेकडीवरच्या. स्वैपाकघरात. पगार कमी आहे, पण कायमचं आहे. पेन्शन लागेपर्यंत उभं राहायचं कुठंतरी, तर तिथंही चालेल. उद्या सकाळपर्यंत सांगायचंय. नाहीतर दुसरी बाई तयार आहे त्यांच्याकडे."

"मग?" जॅनिस म्हणाली. तिला आपला आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटला.

"मग काय, तू सांग. इथं नाताळची ऑर्डर येतेच दर वर्षी. कीथ मागं म्हणाला होता, या वर्षी मोठी येईल. खरं सांगू का, तुला सोडून जायचं जिवावर येतंय गं. त्या पोरांच्यात मी काय करू? बटाट्यांशी बोलू?" ती थांबली. "तू सांगशील तसं करते."

दार उघडं होतं. आतून रेच्या मशीनचा आवाज येत होता, एकसुरी, दम खाऊन खाऊन. जॅनिसनं ट्रायफलच्या वाटीत चमचा फिरवला.

"मी काय सांगू बाई," ती म्हणाली. "तुझं तू बघ."

बेव्हनं तिच्याकडे पाहिलं, मग हसून तिच्या गुडघ्यावर थाप मारली. "काही कामाची नाहीस तू!" म्हणाली आणि मुकुट डोक्यावर ठेवून पुन्हा पावसात गेली.

एवढंच झालं होतं.

*

कीथ आत आला तेव्हा कामाला नुकती सुरुवात झाली होती. त्यानं दारातूनच टाळ्या वाजवल्या. जॅनिसकडे पाहिलं नाही.

"बायांनो, आज टेबलावर नका बसू. मागच्या गोदामात चला. हातमोजे घ्या."

"कशाला रे?" बेव्हनं विचारलं. "राणी आलीय का उरलेला केक खायला?"

"चला तर खरं."

गोदामात खोक्यांच्या थप्प्या छताला लागल्या होत्या. जुबिलीचे कप. शेवटची गाडी दुकानांत उशिरा पोचली म्हणून दुकानवाल्यांनी सगळा माल परत पाठवला होता. आता सुट्टी संपली. ते कप कोण घेणार?

"फोडायचेत," कीथ म्हणाला. "बाहेर लोखंडी पेटी आणून ठेवलीय. दुपारी गाडी येईल न्यायला."

"फोडायचे?" शबनम म्हणाली. "नवे कप?"

"बुडाला दुकानाचं नाव आहे. दुसरीकडे विकायचे नाहीत, वाटायचे नाहीत, असा करार आहे. घरी एकही न्यायचा नाही हं कुणी. मी काय करू, मला सांगितलं तेच सांगतोय."

"तोंडाला बांधायला दे मग," जॅनिस म्हणाली. त्या सकाळी ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती. "एवढं फोडायचं म्हणजे धूळ उडणार. रेचं काय झालं ते बघितलंयस ना तू?"

कीथ मान खाली घालून गेला आणि मास्क घेऊन आला.

सुरुवातीला मजा वाटली. आयुष्यभर कप फुटू नये म्हणून जपणाऱ्या बायका. पहिला कप बेव्हनं टाकला. "हा माझ्या नवऱ्याला!" म्हणाली. नवरा तिला सोडून कधीच गेला होता. दुसरा त्याच्या नव्या बायकोला. तिसरा तिच्या घरमालकाला, ज्यानं दोन हिवाळे बॉयलर दुरुस्त केला नव्हता. मग शबनमनं एक तिच्या नणंदेच्या नावानं टाकला आणि सगळ्या मास्कच्या आतून हसल्या. पेटीच्या तळावर कप फुटण्याचा आवाज आवारातून घुमत परत यायचा.

थोड्या वेळानं नावं संपली. आता नुसतं खोकं उघडायचं, कागद काढायचा, कप उचलायचा, टाकायचा. जॅनिस खोक्यातून काढलेला प्रत्येक कप हातात फिरवायची, काठावरून अंगठा न्यायची, चित्राच्या कडा पाहायची आणि मग टाकायची.

बेव्हनं ते पाहिलं. "अगं बाई, फोडायचाय तो," ती म्हणाली. "पास करायचा नाहीये."

जॅनिसनं अंगठा काढून घेतला. पण पुढच्या कपालाही तिचं तेच झालं.

"जॅन, तुला बरं नाहीये का?" बेव्हनं मास्क खाली ओढून विचारलं. "सकाळपासून बघतेय. रे बरा आहे ना?"

"बरा आहे."

"मग?"

"काही नाही. झोप झाली नाही."

बेव्हनं तिच्या हातातलं खोकं काढून घेतलं. "बस जरा तिकडे. तुझं मी टाकते."

जॅनिस बसली नाही. तिनं दुसरं खोकं उघडलं.

*

चहाच्या सुट्टीत सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं. धाकटे साहेब आले होते. थोरल्या साहेबांचा मुलगा, तिशीतला, नेहमी घाईत असलेला, पण माणूस वाईट नव्हता. तो उभ्या उभ्या बोलला. कारखान्याला तुमचा अभिमान आहे. तुमच्या हातचे कप आज राजवाड्यापासून झोपडीपर्यंत पोचलेत. पण गॅसचे दर असे, ऑर्डरींची परिस्थिती अशी. फार जड अंतःकरणानं सांगावं लागतंय. आजपासून. जे काही कायद्यानं द्यायचं ते सगळं मिळेल.

कुणी रडलं नाही. कोपऱ्यातली एक बाई "च्यायला" म्हणाली, अगदी हळू. शबनमनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. बेव्ह जॅनिसच्या शेजारी उभी होती. तिनं जॅनिसचा हात धरला. घट्ट धरला. तिच्या हातमोज्याला चिनी मातीची पांढरी पूड लागली होती.

"शाळेला पुन्हा फोन करते," ती जॅनिसच्या कानाशी पुटपुटली. "आत्ताच करते. अजून वेळ गेली नसेल. तू घाबरू नकोस गं. तुझंही विचारते तिथं."

धाकटे साहेब अजून बोलत होते. "नमुन्यांसाठी एक जागा आपण ठेवतोय, आठवड्यातून तीन दिवस. ती मिसेस शेरॅट सांभाळतील. त्यांच्याशी आमचं बोलणं झालेलं आहे."

सगळ्यांनी जॅनिसकडे पाहिलं. बेव्हचा हात तसाच होता, पण त्यातली पकड गेली होती.

"कधी झालं बोलणं?" बेव्हनं विचारलं. जॅनिसला नाही, धाकट्या साहेबांना.

"सॉरी?"

"नाही, सहज विचारते. कधी झालं?"

"बुधवारी," धाकटे साहेब म्हणाले. कीथनं डोळे मिटले. "बुधवारीच ना, कीथ?"

बेव्हनं हात सोडला. ती दाराशी गेली आणि तिथून फोन लावला. पलीकडचं बोलणं ऐकताना ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. "हो का," म्हणाली. "नाही नाही, तुमचं बरोबर आहे. मीच म्हणाले होते ना." मग फोन खिशात टाकून ती चित्रांच्या खात्यात गेली.

जॅनिस मागून गेली तेव्हा बेव्ह नळावर आपलं पाण्याचं पसरट भांडं धूत होती. स्पंज पिळून ठेवला होता, रबराची पट्टी पुसून ठेवली होती. खातं बंद झालेलं होतं, तरी ती भांड्याच्या कडा घासत होती.

"बेव्ह, ऐक."

"ऐकतेय."

"कीथनं शब्द घेतला होता माझ्याकडून. म्हणाला, बाहेर कळलं तर ती एक जागापण जाईल. रेचं मशीन, घराचं भाडं... मला काही सुचलंच नाही गं."

"मी काल तुझ्या पायरीवर बसले होते," बेव्ह म्हणाली.

"हो."

"कारखान्याचं नको सांगूस. ते मी समजू शकते. शब्द दिलास, ठीक आहे." तिनं नळ बंद केला. "तू नुसतं 'घे' म्हणाली असतीस ना जॅन, तर मी घेतली असती नोकरी. का म्हणून विचारलंसुद्धा नसतं."

हे जॅनिसला सुचलंच नव्हतं. चार दिवस ती सांगू की नको सांगू एवढ्यातच फिरत राहिली होती. नुसतं 'घे' म्हणता आलं असतं. त्यानं कुणाचा शब्दही मोडला नसता. एक शब्द होता तो.

बेव्हनं भांडं उपडं ठेवलं, कोट घातला, केकचा डबा उचलला. दारात शबनम उभी होती, तिच्या हातात तो डबा दिला. "पोरांना दे," म्हणाली आणि निघून गेली.

*

जॅनिस एप्रनवरच टेकडी चढून शाळेत गेली. फाटकावर तीन रंगांची कागदी साखळी भिजून चिकटून बसली होती. स्वैपाकघरातल्या मुख्य बाई हात पुसत बाहेर आल्या. धिप्पाड, दमलेल्या, भल्या.

"मिसेस कोकलींचं म्हणताय? पण त्यांना मी आत्ताच सांगितलं फोनवर."

"चूक तिची नाही हो. माझी आहे. मला माहीत होतं आमचं खातं बंद होणार आणि मी तिला बोलले नाही. म्हणून ती नाही म्हणाली."

"असं झालं होय," त्या म्हणाल्या. "वाईट वाटतं. पण सकाळी त्यांचा नकार आल्याबरोबर मी दुसऱ्या बाईंना कळवलं. त्यांनी तिकडची नोकरी सोडलीसुद्धा. आता त्यांना काय सांगू?"

आत पोरांच्या ताटांचा खणखणाट चालला होता.

कारखान्यात परत येऊन तिनं कीथला गाठलं. तो गोदामात एकटाच उरलेले कप फोडत होता.

"माझी जागा बेव्हला दे."

"जॅन, असं नसतं होत. साहेबांनी तुझं नाव घेतलंय. नमुन्यांचं काम तुझ्या हातचं लागतं त्यांना."

"तिचा हात माझ्याएवढाच चांगला आहे. मीच शिकवलंय तिला."

"आणि रे?" कीथ म्हणाला. त्यानं कप खाली ठेवला. "घरी जा. रात्रीतून विचार कर. उद्याही तुला असंच वाटलं तर मी साहेबांशी बोलतो. शप्पथ."

घरी रे खुर्चीत बसून होता. नाकात नळी. तिनं त्याला सगळं सांगितलं, बुधवारपासूनचं. त्यानं मधे एकदाही तोडलं नाही. तसंही त्याला लांब वाक्यं जमत नसत.

"पण आपली जागा... राहिली ना?" त्यानं शेवटी विचारलं.

"राहिली."

"मग झालं," रे म्हणाला. आणि लगेच त्यानं तोंड खिडकीकडे फिरवलं. बाहेर पोरं खांबांवरची ताडपत्री सोडवत होती. ती पूर्ण सुटून खाली येईपर्यंत तो पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी कीथनं तिला काही विचारलं नाही. तिनंही विषय काढला नाही.

*

उन्हाळाभर त्या लांबलचक खोलीत जॅनिस एकटीच बसायची. बाकीची स्टुलं कुणीतरी उलटी करून टेबलावर ठेवली होती. बेव्हच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत ती काही वेळा जाऊन आली. कोपऱ्याच्या पुढं पाय उचलला नाही. बेव्ह पार्सलांच्या गोदामात लागल्याचं शबनमनं सांगितलं. दुपारी जायचं, रात्री उशिरा सुटायचं. दिवसभर उभं राहून गुडघे सुजतात म्हणे.

सप्टेंबरात राणी गेली. गुरुवारी संध्याकाळी बातमी आली आणि शुक्रवारी सकाळी कारखान्यातला फोन वाजायचा थांबेना. दुकानवाल्यांना कप हवे होते, ताबडतोब. विझवलेल्या भट्ट्यांपैकी एक पेटवायचं ठरलं. कीथ बायकांना एकेकीला फोन करत होता.

"बेव्ह फोन उचलत नाहीये," तो म्हणाला. "तू जाशील?"

जॅनिस गेली. दार उघडलं तेव्हा बेव्ह निघायच्या तयारीत होती. अंगात गोदामाचं नारिंगी जाकीट. ती बारीक झाली होती. पाऊस पडत होता, पण तिनं आत बोलावलं नाही.

"काम आलंय," जॅनिस म्हणाली. "दोन-तीन आठवड्यांचं. कीथ म्हणतोय, येशील का."

"कसले कप?"

"काळी किनार. वर फोटो, खाली जन्माचं नि मृत्यूचं साल."

"हं." बेव्हनं जाकिटाची चेन वर ओढली. "कीथनं पाठवलं तुला."

"हो."

"तेच म्हटलं."

"बेव्ह, मी शाळेत गेले होते गं त्या दिवशी. त्या बाईंना भेटले."

"माहीत आहे. भेटल्या होत्या त्या मला दुकानात." तिनं दार ओढून घेतलं आणि किल्ली फिरवली. "गुडघ्यांना बसायचं काम मिळालं तर बरंच आहे. सांग कीथला, येते म्हणून."

बस यायची होती. ती निघाली. जॅनिसलाही त्याच रस्त्यानं जायचं होतं, तरी ती मागे थांबली.

सोमवारी बायका आल्या. सगळ्या नाही. एकीला दुसरीकडे काम लागलं होतं, एक लेकीकडे राहायला गेली होती. स्टुलं खाली काढली. बेव्ह आली आणि आपल्या जुन्या जागी बसली, कारण उजेड तिथंच चांगला होता. शबनमशी ती बोलत होती, हसतही होती. गोदामातला मुकादम कसा चालतो त्याची तिनं नक्कल करून दाखवली. जॅनिसलाही हसू आलं, पण बेव्ह तोवर मान खाली घालून कामाला लागली होती. तिचा हात जराही बिघडला नव्हता. काळ्या किनारीचे कप एकामागोमाग एक तिच्या फळीवर जात होते, एकातही बुडबुडा नाही.

दुपारी जॅनिसनं पाहिलं, बेव्हच्या भांड्यातलं पाणी गार झालं होतं. पापुद्रे नीट सुटत नव्हते आणि बेव्ह नखानं त्यांच्या कडा सोडवत होती. जॅनिस उठली. किटलीत पाणी तापवून आणलं, आधी बेव्हचं भांडं ओतून भरलं, मग आपलं.

"थँक यू, जॅनिस," बेव्ह म्हणाली.

इतक्या वर्षांत त्या टेबलावर कुणी कुणाला थँक यू म्हटलं नव्हतं. आणि आपलं अख्खं नाव बेव्हच्या तोंडून जॅनिस पहिल्यांदाच ऐकत होती. मग किटली जागेवर ठेवून तिनं स्टूल पुढं ओढलं आणि पुढचा कप घेतला.